भक्ती बर्वे : वाणी, भूमिका आणि माध्यमे

मराठी नाट्यविचाराचा भर प्रामुख्याने संहितेवर राहिला आहे. संहिता छापली जाते, तिच्या आवृत्त्या निघतात, अभ्यासक्रमात ती लागते. प्रयोग मात्र पडदा पडताच संपतो. त्यामुळे नट-नटींच्या कामगिरीचा विचार बहुधा आठवणी, गौरवलेख आणि मृत्युलेख यांतच आटोपतो. भक्ती बर्वे (१० सप्टेंबर १९४८ - १२ फेब्रुवारी २००१) यांच्या वाट्याला असे गौरवलेख पुष्कळ आले. 'ती फुलराणी' हे नाटक आणि त्यांचे नाव यांचे समीकरण इतके पक्के झाले, की त्यांच्या वाटचालीतील इतर टप्पे त्या एका भूमिकेची पूर्वतयारी किंवा तिचे पडसाद म्हणूनच पाहिले गेले. वस्तुतः बालरंगभूमी, नभोवाणी, दूरदर्शन, व्यावसायिक रंगमंच आणि चित्रपट अशा पाच क्षेत्रांतून ही वाटचाल झाली. या सर्वांना जोडणारे सूत्र एकच होते, ते म्हणजे बोललेली मराठी. प्रमाणभाषा आणि बोली यांच्या सीमारेषेवर या अभिनेत्रीचे महत्त्वाचे काम उभे आहे. त्या दृष्टीने तिच्या कारकिर्दीकडे पाहणे उद्बोधक ठरते.

भक्ती बर्वे यांचा रंगभूमीशी संबंध आला तो सुधा करमरकर यांच्या बालरंगभूमीमुळे. अमेरिकेत बालनाट्याचे शिक्षण घेऊन आलेल्या करमरकरांनी १९५९ मध्ये रत्नाकर मतकरी यांच्या 'मधुमंजिरी'पासून 'लिटल थिएटर'चे कार्य सुरू केले. मुलांच्या नाटकालाही मोठ्यांच्या नाटकाइकीच शिस्त हवी, नेपथ्य, प्रकाशयोजना, नृत्य आणि उच्चार यांबाबत कोणतीही सूट असता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. तोवरचे शाळकरी स्नेहसंमेलनी बालनाट्य आणि हे नवे बालनाट्य यांत हाच मुख्य फरक होता. या शिस्तीत वाढलेल्या मुलीला दोन गोष्टी लहान वयातच मिळाल्या. पहिली, रंगमंचाचे भय नसणे. दुसरी, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविण्याची सवय. बालप्रेक्षक सौजन्याने ऐकत नाही. कंटाळा आला की तो बोलू लागतो. त्याला धरून ठेवण्याचे शिक्षण हे नटाला मिळू शकणाऱ्या कठोर शिक्षणांपैकी एक होय.

त्यानंतरचा टप्पा आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील निवेदनाचा. नभोवाणीवर देह नसतो, चेहरा नसतो. जे काही आहे ते आवाजात. निवेदिकेला स्वतःच्या भावनांचा रंग शब्दांना लागू न देता ते सजीव ठेवावे लागतात. १९७२ साली २ ऑक्टोबरला दूरदर्शनचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि भक्ती बर्वे तेथे मराठी बातम्या देऊ लागल्या. स्मिता पाटील याही त्या सुरुवातीच्या काळातील वृत्तनिवेदिका होत. घराघरांत दूरचित्रवाणी संच पोहोचला नव्हता. ज्या घरी तो असे तेथे शेजारीपाजारी जमत. वाहिनी एकच असल्यामुळे निवडीचा प्रश्न नव्हता. परिणामी वृत्तनिवेदिकेचा चेहरा व तिचे उच्चार यांना एक प्रकारची अधिकृतता लाभली. शुद्ध बोलणे म्हणजे बातम्यांतल्यासारखे बोलणे, अशी समजूत मध्यमवर्गीय घरांत रुजली, ती याच काळात.

या समजुतीचा सामाजिक संदर्भ ध्यानात घेतला पाहिजे. १९६० मध्ये मराठी भाषकांचे राज्य स्थापन झाले आणि १९६४ च्या अधिनियमाने मराठीला राजभाषेचे स्थान मिळाले. शासनव्यवहार, पाठ्यपुस्तके आणि प्रसारमाध्यमे यांसाठी एकरूप प्रमाणभाषेची गरज निर्माण झाली. त्याच सुमारास ग्रामीण आणि दलित लेखक या प्रमाणभाषेच्या मक्तेदारीला आव्हान देत होते. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला तो १९७२ मध्येच. एकाच शहरात, एकाच वर्षी, वरळीच्या केंद्रातून घरोघरी प्रमाण मराठी जाऊ लागली आणि कामाठीपुऱ्याच्या परिसराची भाषा मराठी कवितेत शिरली. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि कोणाची मराठी ही मराठी मानायची, हा प्रश्न त्या काळाच्या केंद्रस्थानी होता, हे त्यांतून स्पष्ट होते. 'ती फुलराणी' रंगभूमीवर आले ते याच पार्श्वभूमीवर.

पु. ल. देशपांडे यांच्या या नाटकाचा आधार म्हणजे बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन'. हे मूळ नाटक १९१३ मध्ये व्हिएन्ना येथे आणि १९१४ मध्ये लंडनला रंगभूमीवर आले. १९५६ पासून 'माय फेअर लेडी' या संगीतिकेमुळे त्याचे कथासूत्र जगभर पोहोचले. शॉ यांचा रोख इंग्रजी वर्गव्यवस्थेवर होता. इंग्रज माणूस तोंड उघडताच त्याची सामाजिक पायरी कळते, हे त्यांच्या उपरोधाचे मूळ. मराठीत हे कथासूत्र आणताना केवळ वर्गाचा विचार पुरेसा नव्हता, कारण मराठी उच्चारांतून वर्गाबरोबर जात आणि प्रदेशही कळतो. 'न' आणि 'ण' यांतील भेद हा मराठी समाजातला एक निर्दय मापदंड आहे. पुलंनी फुले विकणाऱ्या मंजुळा साळुंके या मुलीच्या तोंडी मुंबईची जिवंत बोली घातली आणि भाषाशास्त्राचे प्राध्यापक अशोक जहागीरदार यांच्या तोंडी प्रमाणभाषेचा दर्प. नाटकाचे नाव मात्र बालकवींच्या कवितेची आठवण जागवते. मराठी काव्यपरंपरेतील एक अतिशय कोमल प्रतिमा रस्त्यावर फुले विकणाऱ्या मुलीला देण्यातच नाटककाराचा पक्ष सूचित झालेला आहे.

इंडियन नॅशनल थिएटरची ही निर्मिती १९७५ मध्ये रंगभूमीवर आली. जहागीरदारांच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते, मंजुळेच्या भूमिकेत भक्ती बर्वे. या निवडीतील विरोधाभास त्या काळच्या प्रेक्षकाला सहज जाणवण्याजोगा होता. जिच्या तोंडून त्याने निर्दोष मराठी बातम्या ऐकल्या, तीच आता अशुद्ध म्हणून हिणवली गेलेली मराठी बोलत होती. नाटकात मंजुळा प्रमाणभाषा शिकते. अभिनेत्रीला त्याआधी ती विसरावी लागली. तालमीतून कमावलेला प्रत्येक उच्चार बाजूला ठेवून बोलीची लय, तिचे हेल, तिच्यातील शिवराळपणा आणि कोवळीक आत्मसात करावी लागली. पुढे त्याच प्रयोगात, अंकागणिक, पायरीपायरीने मूळ जागी परत यावे लागले.

या भूमिकेच्या वाचिक अभिनयात तीन टप्पे कल्पिलेले आहेत. पहिल्या टप्प्यात बोली आणि व्यक्ती एकजीव असतात. दुसऱ्या टप्प्यात उच्चार नवे, आशय मात्र जुनाच. या विसंगतीतून विनोद निर्माण होतो. तिसऱ्या टप्प्यात भाषेवर प्रभुत्व आलेले असते, पण ती जिथून आली त्या फुलांच्या टोपलीकडे परतण्याची वाट बंद झालेली असते. दुसरा टप्पा टाळ्या मिळवून देतो. नाटकाचे मर्म तिसऱ्यात आहे. शुद्ध बोलता येऊ लागलेल्या मुलीचे पुढे काय व्हायचे, हा विचार तिला शिकविणाऱ्याने केलेला नसतो. अपमानित मंजुळा एकांतात प्राध्यापकावर सूड उगविण्याची स्वप्ने रंगविते, ते प्रदीर्घ स्वगत भक्ती बर्वे यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. त्यात संताप आहे, नक्कल आहे, गेयता आहे आणि असहायताही आहे. पुढील पिढ्यांतील असंख्य विद्यार्थिनींनी एकपात्री स्पर्धांसाठी हे स्वगत निवडले. त्यांतील बहुतेकींनी संताप आणि नक्कल उचलली. असहायता फार थोड्यांच्या हाती लागली.

अशा यशाची किंमतही असते. एखादी भूमिका नटाच्या नावापेक्षा मोठी झाली की पुढचे प्रत्येक काम तिच्याशी ताडून पाहिले जाते. 'हँड्स अप'सारख्या रंजनप्रधान नाटकात भक्ती बर्वे यांनी व्यावसायिक रंगभूमीची मागणी पुरी केली. अशोक पाटोळे यांच्या 'आई रिटायर होतेय'मध्ये त्यांनी घरकामातून निवृत्ती जाहीर करणाऱ्या आईची भूमिका केली. या नाटकाची कल्पना वरकरणी गमतीदार आहे, परंतु गृहिणीच्या श्रमाला वेळेची मर्यादा नाही आणि मोबदलाही नाही, हा त्यातील मुद्दा गंभीर आहे. रोजच्या बोलण्यातल्या साध्या वाक्यांनी घरातले सत्तासंबंध उघडे करणारी ही भूमिका मंजुळेपेक्षा सर्वस्वी वेगळ्या जातीची होती. गिरीश कर्नाड यांच्या 'नागमंडल'मधून लोककथेच्या आकृतिबंधाशी त्यांचा संबंध आला. प्रेमानंद गज्वी यांच्या 'गांधी-आंबेडकर'मध्ये त्यांनी विदूषक रंगविला. दोन महापुरुषांच्या वैचारिक संघर्षात दोघांनाही प्रश्न विचारणारे हे पात्र स्त्री-नटाकडे यावे, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या इतिहासात लक्षणीय आहे. ज्या रंगभूमीवर दीर्घकाळ पुरुषांनी स्त्रीभूमिका केल्या, तेथे संस्कृत नाट्यपरंपरेपासून पुरुषाचाच मानला गेलेला विदूषक एका अभिनेत्रीने उभा केला. १९९० साली त्यांना मराठी रंगभूमीवरील अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता.

दूरदर्शनवरील त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे 'बहिणाबाई'. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेव चौधरी यांच्यामुळे टिकली आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. खानदेशातील ही बोली प्रमाण मराठीच्या वाचकाने आश्चर्याने आणि काहीशा उशिराच स्वीकारली. मंजुळा आणि बहिणाबाई या दोन भूमिका शेजारी ठेवल्या असता एक महत्त्वाचा भेद जाणवतो. मंजुळेची बोली ही सुधारण्याची, म्हणजेच नाहीशी करण्याची गोष्ट ठरते. बहिणाबाईंची बोली हेच त्यांच्या ज्ञानाचे आणि प्रतिभेचे रूप असते. तिला कोणी शिकवायला येण्याची गरज नसते. पहिल्या भूमिकेत बोली हास्याच्या वाटेने प्रेक्षकाकडे येते, दुसरीत आदराच्या वाटेने. छोट्या पडद्यावर आवाज फेकावा लागत नाही. जात्याशी, शेताशी, घराशी चाललेले स्वगत तेथे जवळून ऐकू येते. नभोवाणीवर कमावलेला संयत स्वर येथे उपयोगी पडला. ज्या माध्यमाने भक्ती बर्वे यांना प्रमाणभाषेचा चेहरा बनविले, त्याच माध्यमातून त्यांनी निरक्षर कवयित्रीची बोली घरोघरी नेली, ही या कारकिर्दीतील सर्वांत अर्थपूर्ण घटना मानावी लागेल.

चित्रपटांत त्या थोड्याच दिसल्या. कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारो' (१९८३) या हिंदी चित्रपटात त्यांनी 'खबरदार' या नियतकालिकाची संपादिका शोभा सेन ही भूमिका केली. भ्रष्टाचार उघडकीस आणण्याची भाषा करणारी ही संपादिका त्याच पुराव्यांचा उपयोग पैसे उकळण्यासाठी करू पाहते. सुसंस्कृत, विश्वासार्ह वाणी हे येथे फसवणुकीचे साधन होते. मुंबईच्या प्रेक्षकाला ज्या वाणीची ओळख सत्य वृत्त सांगणारी वाणी म्हणून होती, तिचाच असा उपयोग झाल्याने चित्रपटातील उपरोध अधिक धारदार बनला. गोविंद निहलानी यांच्या 'हजार चौरासी की माँ' (१९९८) या चित्रपटातही त्या होत्या.

त्यांचे पती शफी इनामदार हे मराठी, हिंदी आणि गुजराती रंगभूमीवरील अभिनेते-दिग्दर्शक. 'ये जो है जिंदगी' या १९८४ मध्ये सुरू झालेल्या दूरदर्शन मालिकेमुळे ते देशभर परिचित झाले. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात भक्ती बर्वे 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा एकपात्री कार्यक्रम करीत. ज्या भूमिकेने इतर भूमिकांवर सावली धरली होती, तिच्याकडेच हे परतणे होते. परंतु त्यात फरक होता. येथे अभिनेत्री भूमिकेच्या बाहेर उभी राहून, स्वतःच्या नावाने, ती भूमिका कशी घडली हे सांगत होती. १२ जून २००० रोजी पुलंचे निधन झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, वाईहून मुंबईला परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर झालेल्या मोटार अपघातात भक्ती बर्वे यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय ५२ वर्षांचे होते. प्रौढ स्त्रीच्या भूमिकांचा टप्पा त्यांच्यापुढे नुकताच उघडत होता.

'ती फुलराणी' त्यानंतरही होत राहिले. अमृता सुभाष, हेमांगी कवी या अभिनेत्रींनी मंजुळा आपापल्या परीने उभी केली, आणि भूमिका एका व्यक्तीची मिरास नसते हे सिद्ध झाले. भक्ती बर्वे यांच्या कार्याचे मूल्य त्यामुळे कमी होत नाही. उलट ते अधिक नेमके मांडता येते. प्रमाण मराठीचा अधिकृत आवाज आणि त्या मराठीने बाहेर ठेवलेल्या स्त्रियांचा आवाज हे दोन्ही एकाच कंठातून त्यांनी ऐकविले, आणि दुसऱ्याची नक्कल होऊ दिली नाही. बोलीच्या अभ्यासकाला शब्दसंग्रह आणि व्याकरणाच्या नोंदी मिळतात. ती बोलताना माणूस कोठे थांबतो, कोठे गिळतो आणि कोठे ताठ उभा राहतो, याची नोंद मात्र नटाच्या देहात आणि स्वरातच होत असते. मराठी नाट्यसंशोधनाने संहितेबरोबर या नोंदींकडेही वळावे, याचे एक सबळ कारण या कारकिर्दीत आहे.