जयप्रकाशांची अखेरची चार वर्षे आणि रक्ताचा तोल

जयप्रकाश नारायण म्हटले की आणीबाणी आणि १९७७चा सत्तापालट आठवतो. त्यांच्या आयुष्याची अखेरची चार वर्षे डायलिसिसवर गेली, हे मात्र आता फारसे कोणाच्या लक्षात नाही.

११ ऑक्टोबर १९०२ रोजी सिताबदियारा गावी जन्मलेले जयप्रकाश अमेरिकेत शिकून १९२९ मध्ये परतले आणि स्वातंत्र्यलढ्यात उतरले. नाशिकच्या तुरुंगात अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. त्यातूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९४२ मध्ये हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून ते निसटले. स्वातंत्र्यानंतर सत्तेपासून दूर राहून त्यांनी भूदान आणि सर्वोदयाचे काम केले. उतारवयात मधुमेह जडला.

२६ जून १९७५ रोजी अटक झाली तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. स्थानबद्धतेचा बराचसा काळ चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात गेला. नोव्हेंबरमध्ये सुटका झाली, तोवर प्रकृती ढासळली होती. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांची दोन्ही मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याचे स्पष्ट झाले आणि डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायलिसिस सुरू झाले. ही सोय तेव्हा देशात मोजक्याच ठिकाणी होती. घरी न्यायच्या यंत्रासाठी सरकारने देऊ केलेली रक्कम त्यांनी नाकारली आणि लोकांच्या छोट्या देणग्यांतून यंत्र आले. १९७७च्या निवडणुकीत दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत ते सभा घेत. त्याच वर्षी उपचारांसाठी ते अमेरिकेत सिॲटलला गेले. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये दीर्घकालीन डायलिसिसचा मार्ग खुला केला, तो याच शहरात.

या उपचारात रक्त शरीराबाहेर येऊन नळ्यांतून फिरते. परकी नळी भेटली की रक्त गोठू लागते, म्हणून बहुधा दर वेळी हेपारिन हे गोठण रोखणारे औषध द्यावे लागते. दुसरीकडे, मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातल्या प्लेटलेट नीट काम करत नाहीत आणि रक्तस्राव लवकर होतो. म्हणजे एकाच रुग्णाला गुठळीचा धोका असतो आणि रक्तस्रावाचाही.

त्यात भर पडते हृदयाची. डायलिसिसच्या रुग्णांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांचे विकार हेच असते. जयप्रकाशांनाही मधुमेह आणि हृदयविकाराने खचवले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, ७७वा वाढदिवस तीन दिवसांवर असताना, पाटण्यात त्यांचे निधन झाले.

आज डायलिसिसची सोय पुष्कळ वाढली आहे, रुग्ण अधिक वर्षे जगतात आणि त्यांच्यात हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, वारंवार दिसतो. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. इतर रुग्णांत रक्त पातळ करणारी गोळी हा धोका बराच कमी करते. डायलिसिसच्या रुग्णांत मात्र उत्तर इतके सरळ नाही. नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतून त्यांना वगळले गेले होते. खास त्यांच्यासाठी झालेल्या चाचण्या लहान आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील चाचणीत अवघे ९७ रुग्ण होते.

वॉरफरिनमुळे रक्तस्राव वाढू शकतो आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचण्यास हातभार लागतो. डॅबिगॅट्रॅनचा सुमारे ८० टक्के भाग मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतो, त्यामुळे ते या रुग्णांसाठी टाळले जाते. ॲपिक्सबॅनचा सुमारे पाव भागच त्या वाटेने जातो, म्हणून अनेक डॉक्टर ते पसंत करतात. काहींना गोळी न देणेही योग्य ठरते.

त्यामुळे धायरीहून आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाने शेजाऱ्याची गोळी पाहून स्वतःची ठरवू नये. पूर्वी पक्षाघात झाला होता का, पोटातून रक्त गेले होते का, सुई काढल्यावर रक्त किती वेळ थांबत नाही, वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, हे सारे मूत्रपिंडतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनाही सांगावे. काळी शौच, न थांबणारा रक्तस्राव, तोंड वाकडे होणे किंवा बोबडी वळणे दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे. चालू असलेली गोळी मात्र मनाने बंद करू नये.