जनार्दन नवले

जनार्दन नवले यांचा जन्म १९०२ साली महाराष्ट्रातील फुलगाव येथे झाला. चपळ यष्टिरक्षक म्हणून त्यांनी नाव मिळवले.

२५ जून १९३२ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. सी. के. नायडू भारताचे कर्णधार होते. मोहम्मद निसार यांनी वेगवान गोलंदाजी करून ५ बळी घेतले. यष्टींमागे नवले उभे होते. इंग्लंडचा डाव २५९ धावांत आटोपला.

मग नवले सलामीला आले. भारताच्या वतीने कसोटीतील पहिला चेंडू त्यांनीच खेळला. त्यांनी दोन डावांत १२ आणि १३ धावा केल्या. भारत सामना हरला.

डिसेंबर १९३३ मध्ये भारतातील पहिला कसोटी सामना मुंबईत झाला. त्यातही नवले खेळले. पुढे कलकत्त्याच्या सामन्यात दिलावर हुसेन यष्टिरक्षक झाले. नवले यांना पुन्हा कसोटी खेळायला मिळाली नाही. दोन सामने आणि ४२ धावा, एवढीच त्यांची कसोटीतील कामगिरी.

१९७९ साली पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या धावा थोड्या होत्या. पण ज्या वाटेने पुढे भारताचे मोठमोठे फलंदाज गेले, त्या वाटेवरचे पहिले पाऊल नवले यांचे होते.