देवाच्या बागेचे कारभारी : डॉ. विल्यम केरी

पीक घरीं आलें म्हणजे आपल्या मंडळ्या धान्य, भाजी, अंडीं, असें जें ज्याच्या जवळ असेल तें मंदिरांत आणून देवाची उपकारस्तुति करितात. हें योग्यच आहे. परंतु ज्या वर्षीं पुरानें शेत वाहून जातें, त्या वर्षीं कोणत्या तोंडानें उपकार मानावे, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत उभा राहतो. डॉ. विल्यम केरी यांच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सांपडतें, म्हणून तें येथें थोडक्यांत देतों.

केरीसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील पॉलर्सपरी या खेड्यांत झाला. त्यांचे वडील विणकर होते व पुढें ते गांवच्या शाळेचे मास्तर झाले. लहानपणीं विल्यमची खोली पांखरें, किडे व झाडपाला यांनीं भरलेली असे. त्वचेच्या विकारामुळें त्यास उन्हांतलें शेतकाम सोसेना, म्हणून बापानें त्यास जोडे शिवण्याचें काम शिकण्यास ठेविलें. जोडे शिवतां शिवतां त्यानें अनेक भाषांचा अभ्यास केला, आणि सुवार्तेसाठीं परदेशीं जाण्याची ओढ त्याच्या मनांत उत्पन्न झाली.

सन १७९३ च्या नोव्हेंबरांत केरीसाहेब सहकुटुंब कलकत्त्यास आले, व १८०० सालीं श्रीरामपूर येथें राहूं लागले. मराठी बोलणाऱ्या आम्हां लोकांवर तर त्यांचे विशेष उपकार आहेत. फोर्ट विल्यम कॉलेजांत ते मराठी शिकवीत. त्यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं व मराठी नवा करार १८११ सालीं श्रीरामपुरास छापून निघाला. कॉलेजांतून मिळणाऱ्या पगारांतील थोडीशी रक्कम घरखर्चास ठेवून बाकीची ते मिशनच्या सामाईक निधींत घालीत.

श्रीरामपुरास सुमारें ५ एकर जागेंत त्यांनीं एक बाग केली, व देशोदेशींचीं झाडें शास्त्रीय क्रमानें तिच्यांत लाविलीं. रोज सकाळीं ते तेथेंच प्रार्थनेस जात. एकदां इंग्लंडाहून एका मित्रानें बियाणें पाठविलें. तें काढून घेतल्यावर रिकामी पिशवी त्यांनीं बागेच्या एका कोपऱ्यांत झटकली. कांहीं दिवसांनीं त्या झटकलेल्या मातींतून डेझी नांवाचें त्यांच्या मायदेशाचें इवलेंसें फूल उगवलें. तें पाहून त्यांस फार आनंद झाला, आणि पुढें दर वर्षीं त्याचें बीं राखून ते तें वाढवीत राहिले.

परंतु बागेचा आनंद त्यांनीं स्वतःपुरता ठेविला नाहीं. रयतेच्या शेतीची दीन दशा त्यांनीं पाहिली होती. जमीन सुधारावी, चांगलीं पिकें व फळझाडें लोकांस मिळावीं, म्हणून १८२० सालीं त्यांनीं कलकत्त्यास शेती व बागाईत यांची एक संस्था काढिली. या देशाच्या लोकांस तिच्यांत युरोपियनांच्या बरोबरीनें सभासद होतां यावें, असा त्यांचा आग्रह होता.

पुढें १८२३ सालीं परीक्षेची वेळ आली. एके रात्रीं कलकत्त्याहून परततांना होडींतून उतरत असतां केरीसाहेबांचा पाय घसरला व कंबरेस मोठी दुखापत झाली. त्यांतच ताप येऊन ते मरणाच्या दारीं पोंचले. त्याच सुमारास दामोदर नदीचा बांध फुटला. पाणी बागेंत शिरलें, व अनेक वर्षांच्या श्रमानें वाढविलेलीं पुष्कळ झाडें नाश पावलीं. केरीसाहेब त्या वेळीं ६२ वर्षांचे होते. कुबड्यांच्या आधारानें चालूं लागतांच त्यांनीं पुन्हां रोपें लावण्यास आरंभ केला.

शेवटच्या दुखण्यांत अंथरुणावरून उठवेना, तेव्हां ते माळ्यास खोलींत बोलावून झाडांचा समाचार घेत. आपल्या मागें मार्शमनसाहेब बागेंत गुरें सोडतील, अशी काळजी त्यांनीं एकदां बोलून दाखविली. त्यावर, मला झाडांची तितकीशी आवड नसली तरी तुमची बाग राखणें मी पवित्र कर्तव्य समजेन, असें आश्वासन मार्शमनसाहेबांनीं त्यांस दिलें. ९ जून १८३४ रोजीं केरीसाहेब प्रभूकडे गेले.

बंधुभगिनींनो, बाग माझी, असें जो म्हणतो त्याचें सर्वस्व पुराबरोबर जातें. बाग धन्याची आणि मी कारभारी, असें जो म्हणतो त्याचें काम मात्र पूर ओसरल्यावरही शिल्लक राहतें, आणि तें काम मिळालें याबद्दल त्यास उपकार मानतां येतात. म्हणून ज्याचें पीक आलें त्यानें टोपली भरून आणावी. ज्याचें बुडालें त्यानें रिकाम्या हातांनीं यावें, पण यावें. आणि दोघांनींही आपलें शेत पुढच्या कारभाऱ्याच्या हातीं चांगल्या स्थितींत जाईल, असें राखावें.

सह्याद्रीच्या रानांत कुंभा नांवाचें झाड आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. केरीसाहेबांचे मित्र डॉ. रॉक्सबर्ग यांनीं त्यास शास्त्रांत केरीसाहेबांवरूनच नांव दिलें आहे. पुन्हां त्याच्या सावलींत बसाल, तेव्हां त्या कारभाऱ्याचें स्मरण करा आणि धन्याची स्तुति करा.