पहिल्या बॅचचा टॉपर

मनीषनगरात राहत असाल तर रात्री अकराला कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा. नीटवाले, जेईईवाले, एमपीएससीवाले. त्यातच एखादा ड्रॉप घेतलेला असतो. घरून फोन आला की तो बाहेर जाऊन बोलतो आणि परत आल्यावर दहा मिनिटं त्याचं पान उलटत नाही. तिकडे चीनमध्ये २०२४ च्या गाओकाओला १ कोटी ३४ लाख पोरांनी नाव नोंदवलं होतं, आपल्या नीटला त्याच वर्षी साधारण २४ लाखांनी. वाटतं ना, हे टेन्शन आपल्याच पिढीच्या वाट्याला आलं?

मग महादेव गोविंद रानड्यांना भेटा. 'उंच माझा झोका' सिरियलमुळे तुम्हाला पागोटंवाले न्यायमूर्ती माहीत आहेत. पण त्याआधी ते परीक्षार्थी होते.

जन्म १८ जानेवारी १८४२, निफाडचा. वडील कोल्हापूर संस्थानात नोकरीला, त्यामुळे बालपण कोल्हापुरात. पुढे शिकायला मुंबईला, एल्फिन्स्टनमध्ये. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं आणि दोन वर्षांनी पहिली मॅट्रिक झाली. मागच्या वर्षीचे पेपर सोडवायची सोयच नव्हती, कारण मागचं वर्षच नव्हतं! पास झालेल्या एकवीस-बावीस जणांत सतरा वर्षांचे रानडे होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले, ते अवघे चार: रानडे, रामकृष्ण भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. रानड्यांना पहिला वर्ग. पाठोपाठ १८६४ ला एम.ए., १८६६ ला एल.एल.बी.

सीव्ही म्हणून हे झकास दिसतं. आता याची दुसरी बाजू बघा. मराठ्यांच्या राज्यापुढे इंग्रजी राज्य उणं ठरवणारा निबंध लिहिला म्हणून प्राचार्य ग्रँट यांनी त्यांची स्कॉलरशिप सहा महिने बंद केली. आणि इतिहासापासून अर्थशास्त्रापर्यंत ढीगभर ग्रंथ वाचून वाचून डोळ्यांनीच दगा दिला. विशीतल्या टॉपरला स्वतःचं पुस्तक दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ आली. ते डोळे पुन्हा धड झाले नाहीत. पुढे पुण्यात न्यायाधीश असताना रमाबाई त्यांना वाचून दाखवत.

रमाबाईंचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. पहिली पत्नी गेल्यावर सुधारक मित्रांना वाटत होतं की रानडे विधवेशी लग्न करतील. १८७३ साली वडिलांच्या हट्टापुढे ते नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. विद्यापीठाच्या सगळ्या परीक्षा काढणारा माणूस घरच्या दबावापुढे हरला, असं मला वाटतं. त्या मुलीला त्यांनी शिकवलं, हेही तितकंच खरं.

१८९३ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. एवढ्या उंचीवरून माणूस खालच्या रांगेकडे कशाला बघेल? रानड्यांनी बघितलं. आपले पदवीधर तरुण वयात का मरतात, हा प्रश्न घेऊन त्यांनी चक्क हिशेब मांडला. कोण केव्हा पास झाला, त्यातले किती गेले. पोरं नाजूक असतात, असं म्हणून त्यांनी विषय संपवला नाही. परीक्षेचा ताण, गरिबी, व्यायामाचा अभाव, ही कारणं त्यांनी पदवीधरांसमोरच ठेवली.

तेव्हाचा नियम ऐका. एका विषयात गचकलात की सगळे विषय पुन्हा! पास झालेलेसुद्धा. रानड्यांचं म्हणणं असं की सुटलेला विषय सुटलेला धरा, राहिलेल्याचीच परीक्षा घ्या. आज तुम्ही कँटीनमध्ये ज्याला 'बॅक राहिली' म्हणता आणि वर चहा पिता, ती सवलत याच जातीची. ती मागणारा माणूस स्वतः कधी काठावर पास झाला नव्हता, पण काठावरच्यांची गणती त्यानं केली होती.

विद्यापीठाच्या परीक्षांत मराठीला जागा मिळावी म्हणूनही ते शेवटपर्यंत भांडत राहिले. १६ जानेवारी १९०१ ला ते गेले, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. त्या पहिल्या चौघांतले भांडारकर मात्र १९२५ पर्यंत होते.