माळव्याची अफू आणि गोव्याचा वैद्य

पणजीतील मध्यवर्ती उद्यानाला ज्याचे नाव आहे, तो गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात उतरला. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यू मातापित्यांचा हा मुलगा पोर्तुगालमध्ये ख्रिस्ती म्हणून वाढला होता. गोव्यात त्याने वैद्यकी केली, औषधी झाडे लावली आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाचा विश्वास मिळवला.

१५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने पाहिलेलेच अधिक लिहिले. धोतरा खाऊ घालून चोर घर लुटतात आणि घरातला माणूस हसत बसतो, हे त्यात आहे. खंबायतेच्या बाजारातील बरीचशी अफू माळव्यातून येते, अशी नोंदही आहे. ज्या मुलखात पुढे पवारांची धार आणि देवास ही संस्थाने उभी राहिली, तोच हा माळवा. निजामशाहाचा एक खुरासानी चिटणीस रोज तीन तोळे अफू खाई. लेखणीचा तो पटाईत, पण सदा पेंगुळलेला. एवढी मात्रा नवख्याचा जीव घेईल. त्याला ती पचत कशी होती?

उत्तराला चार शतके लागली. दोन चेतापेशींमधल्या अतिसूक्ष्म फटीतून रासायनिक निरोप जातो आणि पलीकडची ग्राही प्रथिने तो झेलतात. त्यांतील अनेक ग्राही वाटेल तिथे विखुरलेले नसतात. पेशीच्या आतील आधार-प्रथिने त्यांना फटीसमोर दाटीने खिळवून ठेवतात. धोतऱ्याचे विष अशाच काही ग्राहींची जागा अडवते. अफूतील मॉर्फिन ज्यांवर बसते ते ग्राही मेंदूत आहेत, हे १९७३ साली दिसून आले. त्यांतले काही तर निरोप धाडणाऱ्या टोकावरच असतात आणि निरोपच आवरतात. अफू रोजची झाली, की काही ग्राही पेशीच्या आत ओढले जातात, उरलेल्यांचा प्रतिसाद मंदावतो. चिटणिसाचे तीन तोळे असे वाढत गेले असणार.

इतरांचे गुपित इतके बारकाईने टिपणाऱ्या ओर्ताने स्वतःचे मात्र आयुष्यभर जपले. १५६८ साली तो वारला. पुढल्याच वर्षी बहीण कातारीना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने गोव्यात जिवंत जाळले. १५८० साली ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून त्याही जाळण्यात आल्या. तोवर त्याच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप युरोपातले वैद्य वाचू लागले होते.