समजून घ्या : अहिल्यादेवी होळकर, रस्त्याकडेची झाडे आणि ‘सातबारा’चा मेसेज

अहिल्यादेवी होळकर यांची जयंती ३१ मे रोजी असते. त्या सुमारास व्हॉट्सअॅपवर एक मेसेज फिरतो : अहिल्यादेवींनी रयतेला बारा झाडे लावायला सांगितली, त्यातली काही सरकारची आणि काही रयतेची ठरवली, त्यातूनच ‘सातबारा’ हा शब्द आला. शब्दाची ही कथा खरी नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ (जमिनीचे हक्क) आणि गाव नमुना १२ (पिकांची नोंद) यांचा एकत्र उतारा. अहिल्यादेवींचे झाडांशी असलेले नाते मात्र खरे आहे.

कोण होत्या अहिल्यादेवी?

जन्म १७२५, चोंडी (ता. जामखेड). लहानपणीच मल्हारराव होळकरांच्या घरी सून म्हणून आल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. १७६६ मध्ये मल्हारराव आणि पाठोपाठ १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेले. त्यानंतर १३ ऑगस्ट १७९५ रोजी निधन होईपर्यंत, सुमारे २८ वर्षे, त्यांनी महेश्वरहून राज्य चालवले. सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे होती.

सोलापूरशी संबंध काय?

पंढरपुरातला होळकर वाडा त्यांनीच बांधला. २००४ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

झाडे का लावली?

त्या काळी यात्रा पायी किंवा बैलगाडीने व्हायची. सावली आणि पाणी नसेल तर उन्हाळ्यात वाट चालणे जिवावर बेतायचे. म्हणून विहिरी, बारवा, धर्मशाळा, घाट आणि सावलीची झाडे ही कामे सोबतच झाली. बहुतेक दानधर्माचा खर्च राज्याच्या तिजोरीतून नव्हे, तर होळकर घराण्यातील स्त्रियांच्या ‘खासगी’च्या उत्पन्नातून होत असे.

त्यांच्यानंतर माळव्यात आलेले इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांनी १८२३ मध्ये छापलेल्या ग्रंथात लोकांकडून ऐकलेल्या आठवणी नोंदवल्या. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्त्यावर माणसे नेमलेली असत. नांगरणीच्या बैलांनाही थांबवून पाणी पाजले जाई. शेतकरी पाखरांना हुसकावतात, म्हणून पाखरांसाठी शेते विकत घेऊन राखली होती.

पाखरे आणि बी

वड-पिंपळाचे बी मोहरीपेक्षाही बारीक असते. फळ खाल्लेल्या पक्ष्याच्या विष्ठेतून ते भिंतीच्या फटीत किंवा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडते आणि रुजते. माणसाला वड लावायचा तर सहसा पावसाळ्याच्या तोंडावर जाड फांदी रोवतात. आंब्याची कोय आणि निंबोळी ताजीच पेरावी लागते. चिंचोका मात्र सुकवून ठेवला तर बराच काळ टिकतो. पेरण्याआधी तो पाण्यात भिजवतात.

आज याचा उपयोग काय?

सोलापूर हा कमी पावसाचा जिल्हा. पालखी मार्गांच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडे गेली आणि वारकऱ्यांची सावली कमी झाली. इथल्या हवेला कडुनिंब मानवतो, आणि त्याचे बी फुकट मिळते. जून-जुलैत पिवळ्या, पिकलेल्या निंबोळ्या झाडाखाली पडतात. त्या गोळा करून गर काढायचा, बी धुऊन सावलीत सुकवायचे आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत माती-शेणखताच्या पिशवीत पेरायचे. जास्त दिवस ठेवले तर उगवण झपाट्याने घटते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत रोप जमिनीत लावण्याजोगे होते.

बी रुजवणे हा त्यातला सोपा भाग. खरी परीक्षा लागवडीनंतरच्या दोन-तीन उन्हाळ्यांची असते. झाडांचा आकडा जाहीर होतो, पण एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार आणि त्याचा खर्च कुठून येणार, हे अनेकदा ठरलेले नसते. अहिल्यादेवींच्या कामात सावलीसोबत विहीर होती आणि खर्चाला ठरलेले उत्पन्न होते. यंदा जयंतीला झाड लावायचे असेल, तर आधी त्याच्या पाण्याची सोय करून ठेवा.