शीतविश्वाचे शोधक : प्रा. कामर्लिंग ओनेस

हॉलंड देशातील ग्रोनिंगेन या गावी ता. २१ सप्टेंबर १८५३ रोजी हायके कामर्लिंग ओनेस यांचा जन्म झाला. वडिलांचा विटांचा कारखाना होता. हायडेलबर्ग येथे बुन्सेन व किर्खोफ या विख्यात गुरूंपाशी काही काळ अध्ययन करून पुढे १८८२ मध्ये ते लायडन विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. मापनावाचून ज्ञान नाही, ही त्यांची निष्ठा. उपकरणे घडविणारे कुशल हात हवेत म्हणून त्यांनी प्रयोगशाळेला जोडून मुलांसाठी कारागिरीची शाळाही काढली. दाबाखालील वायूंचा स्फोट होईल या भीतीने मध्यंतरी शहराच्या कारभाऱ्यांनी त्यांचे काम अडविले होते; ते मात्र डगमगले नाहीत.

१८६८ सालच्या ज्या खग्रास सूर्यग्रहणाची आठवण म्हणून विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखविले जातात, त्याच वर्षी सूर्यप्रकाशात हीलियम वायूची पहिली खूण पटली. हा वायू द्रवरूप करणे कोणास साधत नव्हते. ता. १० जुलै १९०८ रोजी पहाटेपासून रात्रीपर्यंत खपून ओनेस यांनी तो द्रवरूप केला. हाती आला अवघा ६० घनसेंटिमीटर द्रव! त्याचे तापमान शून्याखाली सुमारे २६९ अंश सेंटिग्रेड.

आता एक प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. आपल्या मोपाच्या सड्यावरून अनवाणी धावणाऱ्यास जागोजाग ठेच लागावी, तसे तारेतून वाहणारे इलेक्ट्रॉन अडखळतात. यालाच रोध म्हणतात. त्याची कारणे दोन : उष्णतेने थरथरणारे अणू, आणि रांग मोडून बसलेले किंवा परके अणू. थंडीने पहिले कारण मिटते, दुसरे मिटत नाही. सोने व प्लॅटिनम यांच्या तारांत काही रोध उरलाच. म्हणून ओनेस पाऱ्याकडे वळले, कारण पारा पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून अत्यंत शुद्ध करता येतो. ता. ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला दिसला. पुढील मापनांत कळले की, तो हळूहळू घटत नाही, एकाएकी लोपतो. हीच अतिसंवाहकता. ही मापने करणाऱ्या होल्स्ट या तरुणाचे नाव निबंधावर सहलेखक म्हणून नाही, हे आम्हांस खटकते.

शुद्धतेचा तर्क खरा ठरला, असे ओनेस यांस प्रथम वाटले. परंतु पाऱ्यात सोने व कॅडमियम मुद्दाम मिसळले, तरीही रोध लोपलाच! स्वतःच्याच तर्काची अशी कठोर परीक्षा घेणारा संशोधक विरळा. १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले; ता. २१ फेब्रुवारी १९२६ रोजी लायडन येथे त्यांचे देहावसान झाले.

अणूंच्या अव्यवस्थेला अतिसंवाहकता का जुमानत नाही, याचा उलगडा त्यांच्या पश्चात झाला. १९५७ मध्ये असे दिसून आले की, या अवस्थेत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने, लेझमीच्या पथकाप्रमाणे एका तालात चालतात. थोडीबहुत अव्यवस्था त्यांचा ताल मोडीत नाही. मात्र धातूचा थर अतिशय पातळ केला आणि अव्यवस्था फार वाढविली, तर अतिसंवाहकता क्षीण होत शेवटी नष्ट होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत निओबियम नायट्राइडच्या अशा पातळ थरांचा अभ्यास झाला आहे. त्यात आढळले की, अव्यवस्था फार झाली म्हणजे रोध परत येतो खरा, पण जोड्या लगेच फुटत नाहीत. त्यांचा एकमेकींशी असलेला ताल तेवढा सुटतो.